फेल्ट हॅटचा कस कुठे ठरतो

फेल्ट हॅट घेताना बहुतेक जण आधी घडण बघतात, मग रंग, मग किंमत. ती हॅट दहा पावसाळे काढणार की पहिल्याच पावसात आवळून डोक्यावर बसेनाशी होणार, हे ज्यावर ठरतं ते मात्र बघायचं राहून जातं. फेल्ट किती पक्कं आवळलेलं आहे, हा तो मुद्दा. केस सशाचे की मेंढीचे, शिक्का इटलीचा की अमेरिकेचा, हे प्रश्न त्यानंतरचे.

गोव्यात हे आधीच बघायला हवं. कार्निव्हलला, तियात्र या कोकणी नाट्यप्रकारात, जत्रा-काल्याच्या उत्सवी नाटकांत, ख्रिस्ती लग्नांत इथे हॅट अजून वापरात आहे. पोर्तुगीज काळातलं एखादं चेपें, म्हणजे हॅट, अजूनही जुन्या घरांतल्या पेटाऱ्यांत सापडतं. पण इथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि पावसाळाभर हवा इतकी दमट असते की कपाटातलं चामडंसुद्धा बुरशी धरतं. कोरड्या हवेच्या प्रदेशात कच्चं फेल्ट वर्षानुवर्षं खपून जातं, इथे ते लपत नाही.

फेल्ट विणत नाहीत. घोंगडीला ताणा-बाणा असतो, फेल्टला मुळात धागाच नसतो. सुटे केस एकमेकांत असे गुंतवायचे की ते परत सुटणार नाहीत, एवढंच. हे शक्य होतं ते केसाच्या पृष्ठभागामुळे. प्राण्याच्या केसावर मुळाकडून टोकाकडे खवले असतात, उतरत्या छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले. बोट मुळाकडून टोकाकडे फिरवलं तर केस गुळगुळीत लागतो, उलटं फिरवलं तर अडतो. गरम पाण्यात केस फुगून मऊ होतो आणि खवले जरा उचलले जातात. अशा वेळी केसांचा थर दाबत आणि चोळत राहिलं, की प्रत्येक केस फक्त मुळाच्या दिशेने पुढे सरकू शकतो, मागे येऊ शकत नाही. लाखो केस असे एकमेकांत घुसत गेले की थर दाट होतो आणि आक्रसतो. पाणी आम्लयुक्त असलं तर हे लवकर होतं. थोडक्यात ऊब, ओल, आम्ल आणि हालचाल या चार गोष्टी लागतात.

आता हॅट डोक्यावर असताना काय होतं ते बघा. डोक्याची ऊब आहे, घामाची ओल आहे, घाम किंचित आम्लधर्मी आहे आणि काढता-घालताना हालचाल आहे. कारखान्यात जी क्रिया अर्धी सोडली ती डोक्यावर पुढे चालू होते. केसांना आणखी सरकायला जागा उरलेली असेल तर हॅट आवळत जाते. माथा खाली बसतो, काठ लाटांसारखा वर-खाली होतो, आणि ५८ सेंटिमीटर घेराची हॅट ५७ ची होते. पूर्ण आवळलेल्या फेल्टमध्ये सरकायला जागाच नसते, म्हणून ती भिजली तरी वाळल्यावर आपल्या मापावर राहते. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

केस कोणते

लोकरीची फेल्ट मुख्यतः मेरिनो जातीच्या मेंढ्यांच्या लोकरीची होते, कारण ती बारीक असते, साधारण १८ ते २३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ असते. घोंगडीला ती उत्तम, पण हॅटसाठी लागणारा पातळ, गुळगुळीत पत्रा तिचा होत नाही. दुसऱ्या बाजूला ससा, रानससा, बीव्हर, न्यूट्रिया अशा प्राण्यांच्या कातड्यावरची आतली मऊ लव. सशाची लव साधारण १२ ते १५ मायक्रॉनची असते. केस जितका बारीक तितके त्याच जाडीत जास्त केस मावतात आणि तितक्या जास्त गाठी पडतात. म्हणून अशा लवेचं, म्हणजे फर फेल्ट पातळ असूनही घट्ट असतं, हाताला मऊ लागतं आणि तरी आकार धरतं.

बीव्हर सगळ्यांत वरचा मानला जातो. त्याची लव पाण्याला दाद देत नाही आणि आवळतेही फार दाट. पण शुद्ध बीव्हरची हॅट महाग पडते, आणि माझ्या मते गोव्याच्या हवेत रोज घालण्यासाठी तिची गरजही नाही. चांगल्या आवळलेल्या सशाच्या फेल्टने इथलं काम भागतं. निष्काळजीपणे आवळलेल्या बीव्हरपेक्षा ते केव्हाही बरं.

शंकूपासून सुरुवात

लोकरीचं काम तुलनेने सोपं. लोकर धुऊन तेलकटपणा काढतात. सौम्य गंधकाम्लात बुडवून तापवली की तिच्यात अडकलेली कुसळं आणि गवत जळून ठिसूळ होतं, ते झटकून टाकतात. मग पिंजून तिचा पातळ थर यंत्रावर फिरणाऱ्या दुहेरी शंकूवर गुंडाळला जातो. दोन शंकू तळाला तळ लावून जोडलेले असतात आणि ते डोलत फिरतात, म्हणजे थर तिरपे एकमेकांवर पडतात. मधोमध कापलं की दोन शंकू निघतात. वाफ आणि कंप देऊन ते जरा बसवले की आवळायला तयार. लोकर लवकर पकड घेते, म्हणून वेळ कमी लागतो आणि किंमत कमी राहते. पण त्याच घाईमुळे ती अनेकदा अर्धवट आवळलेली बाहेर पडते, आणि उरलेला कडकपणा लाख किंवा कृत्रिम चिकट द्रव्य घालून भरून काढतात. दुकानात ती टणक, छान वाटते. पावसात द्रव्य मऊ पडलं की खरा ढिलेपणा दिसतो.

फरचं काम लांब आहे. सशाच्या लवेवर लोकरीइतके उठावदार खवले नसतात, ती नुसत्या पाण्यात नीट आवळत नाही. म्हणून कातड्यावर असतानाच लवेच्या टोकांना रासायनिक द्रावण लावतात. त्याने केसातले गंधकाचे बंध सैल होतात, टोक मऊ पडून वळू लागतं आणि खवले उघडतात. सतराव्या-अठराव्या शतकापासून या कामाला पाऱ्याचं नायट्रेट वापरत. पुढे वाफ देताना आणि वाळवताना पाऱ्याची वाफ कामगारांच्या श्वासात जाई. हात थरथरणं, दात हलणं, लाळ गळणं, स्वभाव बिघडणं, माणसांत जायची भीती वाटणं ही त्या कारागिरांची ओळखीची दुखणी झाली. अमेरिकेत हॅट धंद्याचं मोठं केंद्र असलेल्या डॅनबरी गावाच्या नावानेच तो कंप ओळखला जाई. अमेरिकेत डिसेंबर १९४१ मध्ये पाऱ्याचा हा वापर बंद झाला. आता हायड्रोजन पेरॉक्साइड आणि आम्लांची द्रावणं वापरतात.

द्रावण लावून वाळवल्यावर यंत्र कातडं पट्ट्यापट्ट्यांनी कापून टाकतं आणि लव अखंड बाजूला पडते. ही लव काही महिने मुरू देतात, मुरलेली लव चांगली आवळते. पाठीची लव सगळ्यांत चांगली, पोटाची हलकी. त्यांचं मिश्रण ठरवणं हे कारखान्याचं खरं ज्ञान. मग हवेच्या झोताने लव पुन्हा पुन्हा उडवून तिच्यातले वरचे राठ केस आणि कातड्याचे कण वेगळे करतात. ही पायरी महाग आहे, कारण प्रत्येक फेरीत माल कमी होतो आणि वेळ जातो. स्वस्त फर फेल्टमध्ये इथेच काटकसर होते. काठ उजेडात तिरपा धरून बघितला आणि पृष्ठभागावर चमकणारे ताठ केस दिसले, की उडवणी कमी झाली आहे असं समजावं. ते केस आवळत नाहीत, रंगही नीट घेत नाहीत, आणि वापरात बाहेर येतच राहतात.

लव शंकूवर बसवायची पद्धत बघण्यासारखी आहे. भोकं पाडलेला तांब्याचा मोठा शंकू फिरत असतो आणि आतून हवा ओढली जाते. वरून लव सोडली की ती हवेबरोबर शंकूवर सर्व बाजूंनी चिकटते. ओलं कापड गुंडाळून गरम पाणी दिलं की थर उचलता येण्याइतका धरतो. हे यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत आलं. त्याआधी कारागीर टांगलेल्या धनुकलीची तात छेडून लव उडवत आणि थर पसरत, आपल्याकडचा पिंजारी गादीचा कापूस पिंजतो त्याच रीतीने. या टप्प्याला शंकू तयार टोपीच्या दुप्पट-अडीचपट मोठा असतो आणि हाताने ओढला तर फाटतो. म्हणून त्याला लोकरीच्या कापडात गुंडाळून हलकेच लाटतात, मग उजेडापुढे धरतात. जिथे प्रकाश जास्त येतो तिथे थर पातळ, तिथे सुटी लव लावून भरतात. ही तपासणी चुकली तर दोष पुढे कधीच निघत नाही. पातळ जागा बहुधा माथा आणि काठ जिथे मिळतात त्या वळणावर राहते, आणि हॅट वर्षभराने तिथेच मोडते.

आवळणं

इथे सगळ्यांत जास्त वेळ जातो आणि इथेच कस ठरतो. आम्ल घातलेल्या, हाताला सोसणार नाही इतक्या गरम पाण्यात शंकू भिजवायचे, काही शंकू एकत्र गुंडाळायचे, लाटायचे, उघडायचे, घडी बदलायची, पुन्हा गुंडाळायचे. पूर्वी हे उतरत्या फळ्यांवर, मधल्या कढईभोवती उभं राहून हाताने करत, आता रुळांच्या यंत्रात होतं. क्रम तोच.

घडी प्रत्येक वेळी बदलावी लागते, कारण घडीच्या रेषेवर फेल्ट वेगळ्या गतीने आवळतं. घडी तशीच राहिली तर शंकूवर उभी कड उमटते, आणि ती आकार द्यायच्या ठोकळ्यावर ओढूनही जात नाही. आतल्या दोन बाजू एकमेकींना चिकटू नयेत म्हणून सुरुवातीला मध्ये कापड घालतात. ते विसरलं तर दोन्ही बाजू एकमेकींत आवळून शंकू बाद होतो. पाणी एकदम फार गरम करून घाई केली तर वरचे केस आधी गोळा होतात, आतले मागे राहतात, आणि पृष्ठभागावर बारीक दाणे उठतात. घासून ते सपाट दिसतात, पण आत फेल्ट सारखं नसतं. हळू तापवत, दिशा बदलत, थोडं थोडं आवळलेलं फेल्टच सगळ्या जाडीत सारखं होतं.

कधी थांबायचं? लव मोजून घेतलेली असते, शंकूचं अंतिम मापही ठरलेलं असतं. त्या मापावर आल्यावर आणखी आवळेनासं झालं म्हणजे काम पूर्ण झालं. शहरी धाटणीच्या हॅटच्या कच्च्या फेल्टचं वजन १०० ग्रॅमच्या आसपास असतं, काऊबॉय धाटणीच्या जाड हॅटचं दीडपट-दुप्पट. वजन जास्त म्हणजे हॅट चांगली असं नाही. एकाच वजनाच्या दोन फेल्टमध्ये जे पातळ आणि घट्ट ते चांगलं.

पोर्तुगालमधल्या साओ जोआओ दा मादेइरा या गावात हे काम आजही होतं. फेप्सा हा तिथला कारखाना १९६९ पासून फक्त फेल्टचे शंकू करतो आणि जगभरचे हॅट करणारे ते घेऊन पुढे घडवतात. त्याच गावात जुन्या हॅट कारखान्याच्या इमारतीत २००५ पासून हॅटचं संग्रहालय आहे. लिस्बनला जाणाऱ्या गोंयकारांनी उत्तरेला पोर्तोपर्यंत गेल्यावर ते जरूर बघावं. चेक प्रजासत्ताकातलं नोवी यिचिन हे असंच दुसरं गाव. म्हणजे हॅटवर ज्या कंपनीचा शिक्का असतो तिनेच फेल्ट केलेलं असतं असं नाही.

रंग बहुधा आवळणं अर्धं झाल्यावर देतात, म्हणजे तो आतपर्यंत जातो, आणि उरलेलं आवळणं त्यानंतर करतात. पूर्ण आवळलेल्या शंकूला रंग दिला तर तो वरवर राहण्याची भीती असते. पारखायला सोपं आहे. काठाची कापलेली कड बघा, मध्यभागी फिकी रेघ दिसली तर रंग आत गेलेला नाही.

लाख आणि ठोकळा

फेल्ट ताठ करायला लाख लागते, आणि ती जगाला मोठ्या प्रमाणावर भारतातून जाते, विशेषतः झारखंडातल्या पळस, बोर आणि कुसुमाच्या झाडांवरची. घरगुती प्रमाण सांगतो. ५ भाग शेलॅकला, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेला, १ भाग टाकणखार, म्हणजे बोरॅक्स. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम बोरॅक्स घालून उकळीजवळ आणायचं आणि १०० ग्रॅम शेलॅकच्या पापड्या ढवळत विरघळवायच्या. गाळून थंड झालं की काठाला हे द्रावण तसंच, माथ्याला दुप्पट ते तिप्पट पाणी घालून. आतल्या बाजूने ब्रशने लावावं. फिक्या रंगाच्या हॅटला साधी शेलॅक पिवळी झाक देते, तिथे विरंजित शेलॅक घ्यावी.

जास्त लाख हा नवशिक्यांचा नेहमीचा दोष. फेल्ट दाबल्यावर करकरतं, चिमटीच्या जागी, म्हणजे माथ्याच्या पुढच्या दोन खळग्यांत, पांढऱ्या रेघा पडतात, आणि इथल्या दमट उन्हाळ्यात पृष्ठभागावर चिकट डाग येतात. लाख साधारण ६०-७० अंशांपाशी मऊ होऊ लागते. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या काचेखाली एवढी उष्णता सहज होते. गाडीत हॅट ठेवू नये ती मुख्यतः यासाठी. शिवाय आतलं चामडं आधी आक्रसतं आणि फेल्टला आत ओढतं.

लाख दारूत विरघळते. सॅनिटायझर किंवा स्पिरिट हॅटला लागलं की तिथे लाख सरकून कडा असलेला डाग पडतो. बुरशी काढायला स्पिरिट लावावं असा सल्ला सर्रास दिला जातो. लाख घातलेल्या हॅटवर तो चालत नाही.

आकार द्यायला लाकडी ठोकळा लागतो. इथल्या सुताराकडून करून घ्यायचा असेल तर पूर्ण मुरलेलं, डिंक न पाझरणारं लाकूड सांगावं. शिवण या झाडाचं लाकूड चांगलं, ते वाफेने फारसं वाकडं होत नाही. सागाचं तेल फिक्या फेल्टला डाग देतं. ठोकळ्याचं माप काढताना डोक्याचा घेर कपाळाच्या मध्यावरून आणि कानांच्या बोटभर वरून फीत फिरवून मोजावा. आत चामड्याची पट्टी आणि तिची शिवण मिळून साधारण दीड मिलिमीटर जागा जाते. ती सर्व बाजूंनी जाते म्हणून घेरात तिचा फरक साधारण १ सेंटिमीटर पडतो. तेव्हा ५८ च्या डोक्याला ठोकळा ५९ चा. अमेरिकन मापात ५८ म्हणजे सव्वासात. पट्टी न लावता करायची असेल तरच ठोकळा डोक्याच्या मापाचा धरावा. नाटकाच्या कपडेपटासाठी हॅट करणाऱ्यांनी मोठ्या मापाची करून पट्टीमागे कापडाची घडी घालणं बरं. एक हॅट तीन-चार नटांना चालते.

ठोकळ्याला आधी पातळ प्लास्टिक गुंडाळावं. शंकूला वाफ आतून आणि बाहेरून द्यावी, दोन-तीन मिनिटांत तो हाताला मऊ आणि गरम लागतो. मग ठोकळ्यावर चढवून खाली ओढायचा, पण गोल गोल नाही. आधी पुढे-मागे एकदम, मग डावी-उजवी एकदम, मग तिरप्या जोड्या. एकाच बाजूने ओढलं तर तिथलं फेल्ट पातळ होतं आणि समोरच्या बाजूला सुरकुती राहते. वळणावर जाड सुती दोरी दोनदा फिरवून घट्ट बांधावी आणि दोरी लाकडी पट्टीने खाली सरकवत न्यावी. फेल्ट गार होऊ लागलं की पुन्हा वाफ. गार फेल्ट ओढण्याचा हट्ट करू नये, केस तुटतात. काठ सपाट फळीवर ओलं कापड ठेवून इस्त्रीने दाबावा.

आता धीर. कोरड्या दिवसांत ठोकळ्यावर पूर्ण एक दिवस, पावसाळ्यात पंख्याखाली दोन-तीन दिवस. आतून ओलं फेल्ट ठोकळ्यावरून काढलं तर तासाभरात माथा आखडतो आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. केस वाळवायच्या यंत्राने वाळवल्यास वरचा थर आधी आवळतो आणि पृष्ठ खडबडीत होतो.

मग घासणी. बारीक वाळूकागद २४० पासून ४०० आणि ६०० पर्यंत, वरून बघितल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, एकाच दिशेत. लव त्याच दिशेला बसते, पुढे ब्रशही त्याच दिशेने फिरवायचा. फर फेल्ट घासल्यावर रेशमी होतं. लोकरीला एवढं घासू नये, ती भोकं दाखवू लागते. काठ कापणं, कडेला फीत किंवा शिवण, बाहेरची रिबन ही कामं हाताच्या सफाईची. रिबन रेयॉन-सुती, बारीक आडव्या रेघांची घ्यावी आणि लावण्याआधी इस्त्रीने थोडी वळवावी, कारण हॅटचा माथा वर निमुळता होत जातो आणि सरळ फीत वरच्या बाजूला फुगते.

आतल्या चामड्याच्या पट्टीकडे दुकानात कुणी बघत नाही, पण रोज त्वचेला तीच लागते. चांगल्या हॅटमध्ये ती मेंढीच्या चामड्याची असते आणि तिच्या कडेला बारीक काडी घालून शिवलेली असते, म्हणून ती बाहेर उलटवता येते. स्वस्त हॅटमध्ये कापडी पट्टी डिंकाने चिकटवलेली असते. गोव्यातल्या घामाने ती दोन महिन्यांत सुटते. अस्तर इथे नसलेलंच बरं, माथ्यातून हवा खेळते.

दुकानात काय बघावं

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, हणजूणला बुधवारी किंवा कळंगुटच्या रस्त्यावर फेल्ट म्हणून मिळणारी हलकी हॅट बहुधा पॉलिएस्टरची किंवा लोकर-पॉलिएस्टर मिश्रणाची असते. प्राण्यांच्या केसांना असतात तसे खवले पॉलिएस्टरला नसतात. ते काटेरी सुयांनी टोचून गुंतवलेलं असतं आणि तिरप्या उजेडात त्या टोचण्यांचे ठिपके दिसतात. खात्री हवी असेल तर पट्टीमागून दोन-चार तंतू काढून काडीने पेटवा. केस जळाल्याचा वास आला आणि राख चुरगळली तर लोकर किंवा फर, वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. एका दिवसाच्या मिरवणुकीला पॉलिएस्टर घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त लोकरीची किंमत देऊ नये.

खऱ्या फेल्टची पारख डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त होते. काठ दोन बोटांत धरून हळू वाकवा आणि सोडा. चांगलं फेल्ट सावकाश पण पूर्ण परत येतं. लाखेवर उभं असलेलं झटकन परत येतं आणि करकरतं, ढिलं फेल्ट वाकलेलंच राहतं. माथा उजेडाकडे धरून आतून बघा, प्रकाश सगळीकडे सारखा मंद यायला हवा. चिमटीची जागा नीट बघा. तिथे फेल्ट सतत मोडतं आणि पातळ असेल तर आधी तिथेच चीर पडते. पांढरा रुमाल घासून रंग सुटतो का ते बघा. पाण्याचा थेंब टाकायला दुकानदाराने परवानगी दिली तर फर फेल्टवर तो गोळा होऊन राहतो, लोकरीवर काही वेळाने शिरतो. पण पाणी न धरणारा लेप मारलेल्या हॅटवरही थेंब टिकतो, म्हणून नुसत्या या चाचणीवर विसंबू नये.

अमेरिकन हॅटवर फेल्टची प्रत सांगणारे १०एक्स, २०एक्स, १००एक्स असे आकडे असतात. एकाच कंपनीच्या दोन हॅटची तुलना करायला ते उपयोगी. दोन कंपन्यांमध्ये मात्र त्यांचा काही मेळ नाही, कारण ते मोजायचं सर्वमान्य माप अस्तित्वात नाही. 'बीव्हर क्वालिटी' असं लिहिलेलं असलं म्हणून बीव्हरची लव आहे असंही समजू नये, किती टक्के ते विचारावं. १८५७ ची बोर्सालिनो किंवा १८६५ ची स्टेटसन ही नावं मोठी आहेत आणि त्यांनी उत्तम हॅट केल्या, तरी त्याच नावाखाली लोकरीच्या स्वस्त हॅटही विकल्या गेल्या आहेत. आतला मजकूर वाचावा.

पावसाळा

भिजलेली हॅट झटकावी, चामड्याची पट्टी बाहेर उलटवावी आणि त्या पट्टीवर उभी करून किंवा माथ्यावर उलटी ठेवून सावलीत वाळवावी. काठावर ठेवली तर काठ सपाट होतो. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नये. वाळल्यावर घोड्याच्या केसांच्या मऊ ब्रशने झाडावी, ब्रश गडद आणि फिक्या हॅटसाठी वेगळे. रंगमंचावरच्या हॅटला रंगभूषेचे तेलकट डाग पडतात, त्यावर मुलतानी माती कोरडीच टाकून रात्रभर ठेवावी आणि सकाळी झटकावी. गडद हॅटवर अगदी थोडी, नाहीतर पांढरट झाक उरते.

दमट हवेत लोकर आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त ओल धरते आणि हाताला तरीही कोरडीच लागते. त्यामुळे पेटीत बंद करण्याआधी हॅट पंख्याखाली एक दिवस ठेवावी, पेटीत सिलिका जेल घालावं आणि महिन्यातून एकदा ते तापवून पुन्हा वापरावं. बुरशी आलीच तर घराबाहेर, नाकातोंडाला कापड बांधून कोरड्या ब्रशने काढावी आणि हॅट पंख्याखाली पूर्ण वाळवावी.

पोर्तुगीज काळातल्या जुन्या फर हॅटला मात्र वाफ देण्याआधी थांबा. अशा जुन्या फर फेल्टमध्ये पारा असण्याची शक्यता असते, आणि वाफ दिल्याने किंवा घासल्याने तो बाहेर पडतो. अशी हॅट घालायची नाही, मुलांच्या हाती द्यायची नाही. हातमोजे घालून उचलावी आणि जाड प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवावी, कुणाला दाखवायची झाली तर तशीच दाखवावी.

कसर हा उरलेला शत्रू. पतंग अंडी घालतो, खातात त्या अळ्या. कापूर आणि कडुनिंबाच्या पाल्याने पतंग दूर राहिले तर राहतात, आत असलेल्या अळ्या त्याने मरत नाहीत. हॅट पूर्ण कोरडी करून हवा काढलेल्या पिशवीत घट्ट बंद करावी आणि घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना दोन आठवडे ठेवावी. मासळी त्याच फ्रीझरमध्ये असेल तर दोन पिशव्या, एकीत दुसरी. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, बारा तास तरी खोलीत तशीच राहू द्यावी. थंड फेल्ट गोव्याच्या हवेत उघडलं की त्यावर पाण्याचे थेंब जमतात. मग बाहेर नेऊन ब्रशने मेलेल्या अळ्या आणि अंडी झाडून काढावीत, चामड्याच्या पट्टीमागे विशेषतः.